आईच्या इंजेक्शनला टीबीचीच भीती का, लघवीच्या जंतूंची का नाही?

पलूसहून एका मुलानं विचारलंय. आई ६१ वर्षांच्या, नऊ वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट आठवड्याला चालू, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज साडेसात मिलिग्रॅम, तरी सकाळी मूठ वळत नाही, पोळी लाटता येत नाही. संधिवाततज्ज्ञांनी अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन सुचवलंय. त्याआधी टीबीची रक्ततपासणी करायला लावली, ती पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, वजन घटलेलं नाही. तरी आधी तीन महिन्यांचा प्रतिबंधक कोर्स घ्या म्हणाले. वर्षभरात त्यांना लघवीचा संसर्गही तीनदा झालाय. मुलाचे प्रश्न असे: इंजेक्शननं प्रतिकारशक्ती कमी होते, मग सगळा जोर टीबीवरच का? लघवीच्या जंतूंचं काय? आणि प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलाचा काढा चालू करू का?

मी मिरजेत सत्तावीस वर्षं फिजिशियन म्हणून बसतोय. हा प्रश्न माझ्यासमोर या ना त्या रूपात सारखा येतो आणि ओपीडीच्या गर्दीत त्याला मी नेहमी अर्धंच उत्तर देतो. आज सवडीनं लिहितो.

सुरुवात तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टपासूनच करू. त्यात एक आकडा आहे, २.१, आणि शेजारी मर्यादा लिहिलीय ०.३५. हा आकडा टीबीच्या जंतूंचा नाही. आईंच्या रक्तात लॅबवाल्यांनी टीबीच्या जंतूची काही प्रथिनं मिसळली, रात्रभर उबेला ठेवलं आणि त्यांच्या पांढऱ्या पेशींनी किती इंटरफेरॉन गॅमा सोडलं ते मोजलं. म्हणजे पेशींनी जंतू ओळखला आणि एकमेकींना निरोप धाडला. तो निरोप किती जोरात गेला, त्याचं हे माप. आपल्या लहानपणी हातावर टोचून तिसऱ्या दिवशी फुगलेली गाठ पट्टीनं मोजायचे, त्या मँटू टेस्टमध्येही हेच निरोप कातडीखाली जमलेले असायचे.

या निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. कोविडच्या काळात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द घराघरात गेला आणि लोकांना वाटायला लागलं की हे काहीतरी विषारी प्रकरण आहे. प्रत्यक्षात यांच्याशिवाय साधं गळूसुद्धा पिकणार नाही. शंभराच्या आसपास असे रेणू माहीत आहेत. त्यातल्या बहुतेकांचं काम कानगोष्टीसारखं चालतं: एक पेशी शेजारणीला सांगते, ती पुढचीला. मोजके रेणू रक्तात उतरून गावभर दवंडी पिटतात. कानगोष्ट कोणत्या अवयवात झाली, ऐकणाऱ्या पेशी कोण होत्या, यावर पुढचं सगळं ठरतं. तोच रेणू फुफ्फुसात एक काम करतो आणि हाडात दुसरंच. म्हणून 'प्रतिकारशक्ती कमी झाली का वाढली' असं विचारलं की मी गप्प होतो. ती काही पाण्याची टाकी नाही, की तोटी उघडली आणि पातळी खाली गेली. कोणता निरोप तुटला, कोणत्या अवयवात तुटला आणि तिथे कोणता जंतू दबा धरून होता, हे कळलं तरच उत्तर देता येतं.

आता टीएनएफ. अडॅलिमुमॅब याच निरोप्याला पकडून ठेवतं. त्याचं पूर्ण नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. १९७५ मध्ये उंदरांतल्या गाठी मारणारा रेणू म्हणून हे नाव पडलं. नाव भलतंच आहे, पण आता चिकटलंय. आईंच्या सांध्यांत हा रेणू विनाकारण ओरडत बसलाय. सांध्याचं अस्तर सुजतं, शेजारचं हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, बोटं वाकडी होतात. तिथे त्याचं तोंड बंद करणं रास्तच.

पण त्याच वेळी तो छातीत कुठेतरी एक गढी राखत बसलेला असू शकतो. टीबीचा जंतू फुफ्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाची पेशी त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. इतर जंतू पोटात गेल्यावर मरतात. हा तिथेच संसार थाटतो. मग गिळणारी पेशी टीएनएफ सोडते, लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात, त्या हाकेवर आणखी पेशी येतात, एकमेकींना खेटून बसतात आणि जंतूंभोवती गोल तटबंदी उभी राहते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. जंतू मेलेला नसतो, कोंडलेला असतो. आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या दर तिघांपैकी जवळपास एकाच्या शरीरात टीबीचा असा संसर्ग दबून आहे आणि त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. ही तटबंदी दगडी कंपाउंडसारखी एकदा बांधली की झालं, अशी नसते. उसाच्या सरीच्या बांधाला जसं रोज कुणीतरी फावडं घेऊन बघावं लागतं, तसा टीएनएफचा निरोप तिथे सतत चालू राहावा लागतो. तो थांबला की बांध फुटतो.

आमच्याकडे वानलेसवाडीला पूर्वी टीबीचं सॅनेटोरियम होतं. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावावरून ती वाडी. स्ट्रेप्टोमायसिन यायच्या आधीच्या त्या काळात औषध असं नव्हतंच: मोकळी हवा, अंडी-दूध आणि पडून राहणं. काही रुग्ण तरीही बरे होऊन घरी जायचे. त्यांच्या छातीत बांध धरला, एवढंच झालेलं असायचं.

बांध फुटतो म्हणजे काय, हे जगाला २००१ साली नीट कळलं. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफविरोधी औषध १९९८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं होतं. ते घेणाऱ्यांत टीबी झालेल्या ७० जणांची नोंद एकत्र करून प्रसिद्ध झाली. बऱ्याच जणांना पहिल्या तीन डोसांतच आजार उमटला होता. त्यातली माझ्या दृष्टीनं सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच: ७० पैकी ४० जणांचा टीबी फुफ्फुसाबाहेर होता, १७ जणांत तर अंगभर पसरलेला. एरवी धडधाकट माणसात टीबी बहुतांशी छातीत राहतो. इथे गाठी, पोट, मणका, मेंदूचं आवरण, वाट फुटेल तिकडे गेला. कुलूपच निघालं होतं.

असा एक रुग्ण मीही पाहिलाय. तासगावकडचा द्राक्षबागायतदार, चाळिशीतला, पाठीच्या कण्याच्या संधिवातासाठी मोठ्या शहरात हेच औषध चालू झालेलं. तेव्हा तपासणी आजच्याइतकी काटेकोर नव्हती. तिसऱ्या महिन्यात संध्याकाळचा ताप आणि पोट फुगलेलं. तो म्हणायचा, 'डॉक्टर, पाठ एकदम झकास आहे, वाकून छाटणी करतोय, फक्त पँटचं बटण लागत नाही.' छातीचा एक्स-रे नितळ. पोटातलं पाणी काढलं तर गढूळ पिवळं, लिंफोसाइटनी भरलेलं. पोटाचा टीबी. इंजेक्शन थांबवलं, टीबीची औषधं चालू केली, आणि दीड महिन्यानं ताप पुन्हा उसळला, मानेला गाठी आल्या. घरचे म्हणाले औषध लागू पडत नाही. खरं कारण उलटं होतं. टीएनएफचं तोंड मोकळं झालं होतं आणि इतके दिवस दाबलेला आरडाओरडा आता एकदम सुरू झाला होता. थोडं स्टेरॉइड देऊन तो आवाज खाली आणावा लागला. माणूस बरा झाला. बाग अजून त्याचीच आहे.

दोन हजारच्या दशकात आपल्या जिल्ह्यात एचआयव्हीचे रुग्ण खूप होते, तेव्हा हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं शिकायला मिळाली. ज्यांच्या पेशी अगदी संपल्या होत्या त्यांच्या फुफ्फुसात जंतू भरपूर असूनही पोकळी पडायची नाही, बेडका तपासला तर निगेटिव्ह. पोकळी जंतू पाडत नाही. आपल्याच पेशींचे निरोप आणि त्यांनी सोडलेले विकर मिळून पाडतात. एचआयव्हीची औषधं चालू झाली, पेशी वाढल्या, की महिन्याभरात काहींची छाती आणखी बिघडायची. टीएनएफ कमी असला की जंतू माजतो, जास्त झाला तर गिळणारी पेशीच फुटते आणि जंतू मोकळे होतात. दोन्हीकडे नुकसानच.

आता तुमचा लघवीचा प्रश्न. मूत्राशयात गढी-बिढी काही नसते. तिथला नेहमीचा आरोपी ई. कोलाय, तो आतड्यातून येतो, मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. अस्तराच्या पेशी स्वतःच त्याला ओळखतात आणि मुख्यतः इंटरल्युकिन-८ सोडतात. त्याचा अर्थ एकच: न्यूट्रोफिल (जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी), इकडे या. काही तासांत न्यूट्रोफिल अस्तर ओलांडून लघवीत उतरतात, जंतू खातात आणि लघवीबरोबर वाहून जातात. रिपोर्टमध्ये 'पस सेल्स ३०-४०' लिहिलेलं असतं ना, ती याच हाकेला आलेली माणसं. जंतू बाहेर, फौज बाहेर, काम संपलं. या साखळीचा भार टीएनएफवर फारसा नाही, म्हणून अडॅलिमुमॅबनं लघवीचा संसर्ग टीबीसारखा अनेकपट वाढत नाही. थोडाफार फरक पडतो, नाही असं नाही.

ज्या मुलांच्या न्यूट्रोफिलवर या इंटरल्युकिन-८ ची हाक ऐकणारा 'कान' जन्मतःच कमी असतो, त्यांना वारंवार मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचतो, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलंय. उलट काही बायकांच्या मूत्राशयात जंतू महिनोन्‌महिने असतात, कल्चरमध्ये लाखाच्या वर, आणि त्रास शून्य. तिथे अस्तरानं हाकच मारलेली नसते. म्हणून माझी एक विनंती. आईंना जळजळ नाही, ताप नाही, सारखं जावं लागत नाही आणि केवळ रुटीनमध्ये केलेल्या कल्चरला जंतू निघाले, तर अँटिबायोटिकसाठी धावू नका. तीन वेळा 'संसर्ग' झाला म्हणता, त्यातल्या किती वेळा खरा त्रास होता हे आठवून लिहून ठेवा. माझा अंदाज, एखादी वेळ नुसती कागदावरची निघेल.

खऱ्या त्रासामागे दुसरीच कारणं असतात: पाळी गेल्यावर कोरडी पडलेली जागा (तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम खरंच कामाचं आहे, लाजून टाळू नका), साखर, पाणी कमी पिणं, आणि ती रोजची साडेसात मिलिग्रॅमची पांढरी गोळी. त्या गोळीबद्दल मला थोडं चिडूनच लिहायचंय. अडॅलिमुमॅब एका निरोप्याचं तोंड दाबतं. स्टेरॉइड पेशीच्या आत जाऊन पंधरा-वीस निरोप एकदम लिहायचेच बंद करतं: टीएनएफ, इंटरल्युकिन-१, ६, ८, सगळेच. न्यूमोनिया, पायाचं सेल्युलायटिस, लघवीचा संसर्ग, असल्या रोजच्या जंतूंच्या बाबतीत मला इंजेक्शनपेक्षा वर्षानुवर्षं चाललेलं स्टेरॉइड जास्त छळतं, आणि डोस वाढेल तसा धोका वाढतो. लोकांना पोटात टोचायच्या महागड्या पेनची भीती वाटते, पण मेडिकलमधून आणलेली गोळी किंवा कुठल्याशा बाबाची 'सांधेदुखीची पुडी' बिनधास्त चालते. त्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइडच असतं. चंद्रासारखा गोल झालेला चेहरा बघितला की मी आधी पिशवी उपडी करायला लावतो. इंजेक्शन लागू पडलं तर आईंची गोळी हळूहळू उतरवता येईल, आणि मग कदाचित लघवीचा त्रास कमीच होईल. ही बाजू तुमच्या विचारात आलेली दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

यकृताकडे येऊ, कारण तिथे मी स्वतः चुकलोय.

आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृतातून जातं. त्यात जंतूंचे तुकडे रोजच येत असतात. प्रत्येक तुकड्यावर तिथल्या पेशी पेटून उठल्या तर माणूस जेवल्यावर दर वेळी तापानं फणफणेल. म्हणून यकृतातल्या पेशी एकीकडे रक्तातले जंतू चाळणीसारखे धरतात आणि दुसरीकडे इंटरल्युकिन-१० सारखे शांतवणारे निरोप देत राहतात. त्याच वेळी यकृत हा सगळ्या शरीराची दवंडी ऐकणारा अवयव आहे. कुठेही मोठा संसर्ग झाला की इंटरल्युकिन-६ रक्तातून यकृतात पोचतं आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन भराभर तयार करतं. सीआरपी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. आज गल्लीतल्या लॅबमध्येही होतं. पण ते जंतू मोजत नाही. इंटरल्युकिन-६ ची दवंडी यकृतापर्यंत पोचली का, एवढंच ते सांगतं.

आमवातासाठी टॉसिलिझुमॅब नावाचं औषध आहे, ते नेमकी हीच दवंडी बंद करतं. सात-आठ वर्षांपूर्वी ते औषध चालू असलेल्या एक बाई पोट दुखतंय म्हणून आल्या. ताप ९८.८, नाडी थोडी जलद, पोट मऊच लागलं, सीआरपी एकच्या आत. मी म्हटलं, गॅस असेल, उद्या बघू. रात्री अकराला मुलाचा फोन. सीटी केला तर मोठ्या आतड्याला भोक पडलेलं, पोटात पू. आमच्या सर्जननी पहाटे ऑपरेशन केलं, बाई वाचल्या. मी ज्या सीआरपीवर विसंबलो तो वर जाणं शक्यच नव्हतं. त्याची वाट मीच मंजूर केलेल्या औषधानं बंद होती. तेव्हापासून असा रुग्ण आला की मी कागद बाजूला ठेवतो आणि पोटावर हात ठेवून दोन मिनिटं जास्त बसतो. आईंना पुढे कधी हे औषध सुचवलं गेलं तर एवढं लक्षात ठेवा: ताप नाही, सीआरपी नाही, म्हणून संसर्ग नाही असं धरायचं नाही.

एकच निरोप तुटल्यावर ठरावीक अवयवच का उघडे पडतात, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण एका दुर्मीळ आजारात आहे. सुंदर म्हणायचं, पण रुग्ण मुलांचे हाल असतात. जॉब सिंड्रोम. बायबलमधल्या अंगभर गळवं झालेल्या माणसाच्या नावावरून १९६६ मध्ये हे नाव दिलं गेलं. या मुलांना कातडीवर आणि फुफ्फुसात स्टॅफिलोकोकसची गळवं पुन्हापुन्हा होतात, आणि ती 'थंड' असतात: लाली नाही, ऊब नाही, दाबलं तरी फार दुखत नाही. पण तोच जंतू त्यांच्या रक्तात, हाडात, यकृतात क्वचितच जातो. असं का? २००७ मध्ये दोष सापडला: स्टॅट-३ या जनुकातला. त्यामुळे इंटरल्युकिन-१७ सोडणाऱ्या लिंफोसाइट तयारच होत नाहीत. पुढे जपानमधल्या कामातून उलगडा झाला तो असा: शरीरातल्या बहुतेक पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ एवढ्या हाकेवरही न्यूट्रोफिल बोलावतात. कातडीच्या आणि श्वासनलिकेच्या पेशी मात्र अडून बसतात. त्यांना वर इंटरल्युकिन-१७ ची जोड लागते. ती नाही मिळाली की नेमके हेच दोन दरवाजे उघडे राहतात.

सोरायसिससाठी हल्ली सेक्युकिनुमॅब देतात, ते इंटरल्युकिन-१७ अडवतं. त्यात टीबी उसळण्याची भीती फार कमी, पण तोंडात पांढरी बुरशी येते. तोंडाच्या अस्तरावर बुरशीला रोखायचं काम त्याच रेणूचं. दोन इंजेक्शनं, दोन्ही 'प्रतिकारशक्ती कमी करणारी', आणि धोक्याच्या जागा अशा वेगळ्या.

फुफ्फुसाची अडचण निराळी आहे. हवेच्या पिशव्यांच्या भिंती इतक्या पातळ की तिथे आरडाओरडा झाला तर पाणी साचतं आणि जंतू मेला तरी माणूस गुदमरतो. त्यामुळे तिथला पहारा मुद्दाम हळू आवाजात चालतो. विषाणूचा ताप येऊन गेला की इंटरफेरॉनचा अंमल काही दिवस राहतो, न्यूट्रोफिलला बोलावणाऱ्या हाका दबतात, आणि त्या फटीतून न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस आत येतो. १९१८ च्या साथीत बहुतेक लोक अशा मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं गेले, हे जपून ठेवलेल्या फुफ्फुसांच्या नमुन्यांतून नंतर स्पष्ट झालं. आईंना फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस इंजेक्शन चालू करायच्या आधी द्या म्हणतात ते यासाठी. मेंदूबद्दल एकच वाक्य: कवटी बंद डबा आहे, सूज जाईल कुठे, म्हणून टीबीच्या मेंदूज्वरात जंतुनाशकाबरोबर डेक्सामेथासोन द्यावंच लागतं आणि त्यानं जीव वाचतात. संसर्गात स्टेरॉइड कसं काय, असं विचारणारे नातेवाईक भेटतात. त्यांची शंका रास्त असते, पण अवयव वेगळा आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरा हा जंतू, होता. तो जंतू उंदराच्या मूत्रपिंडात सुखानं राहतो, लघवीतून पडत राहतो, उंदराला काही होत नाही. माणसात मात्र मूत्रपिंड, यकृत, कधी फुफ्फुसातून रक्त. फरकाचं एक कारण ओळख पटवण्यात आहे. जिवाणूंच्या आवरणातलं एक रसायन ओळखणारा टीएलआर-४ नावाचा पहारेकरी उंदराकडेही आहे, आपल्याकडेही. लेप्टोचं आवरण उंदराच्या पहारेकऱ्याला कळतं, आपल्याला कळत नाही. त्याच्याकडे हाक वेळेत जाते, आपल्याकडे उशिरा आणि मग भलतीच मोठी. उसात पाय कापलेला असताना पुराच्या पाण्यात उतरला असाल तर डॉक्सिसायक्लिनचं लगेच विचारा, अंग दुखायची वाट बघू नका.

मग ती मोठी हाक दाबली तर? सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून अवयव बंद पडायला लागतात तेव्हा, टीएनएफच माणूस मारतो असं १९८५ नंतर जोरात वाटायला लागलं होतं, कारण टीएनएफ अडवलेले उंदीर जंतूंच्या विषाचं इंजेक्शन देऊनही जगले. पण ते नुसतं विष होतं. जिवंत जंतू, तेही पोटात, असले की टीएनएफ अडवून उंदीर वाचेनात. माणसांवर प्रयोग झाले. १९९६ मध्ये टीएनएफ पकडणाऱ्या एका औषधाच्या चाचणीत डोस वाढवला तसे मृत्यू वाढले. तेच औषध, एटानरसेप्ट, आज आमवातात छान चालतं. सांध्यात तारक, सेप्सिसमध्ये मारक.

आता गुळवेल. या लेखातलं इतर काही विसरलात तरी चालेल, पण आईंना हा काढा देऊ नका. त्यांच्या सांध्यात निरोप आधीच जास्त आहेत. 'वाढवणारं' काहीही तिथे कुणाच्या फायद्याचं? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती, आणि ती इजा शरीरानं स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी दिसत होती. मेथोट्रेक्सेट यकृतावर भार टाकतं, टीबीच्या प्रतिबंधक गोळ्याही टाकतात. तिसरा भार नको.

कोर्सबद्दल. तीन महिने म्हणजे बहुधा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, एकूण १२ डोस. लघवी केशरी होईल, घाबरू नका. पहिल्या काही डोसांनंतर अंग मोडून येऊ शकतं. रिफापेंटिनमुळे स्टेरॉइड शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे या तीन महिन्यांत सांधे थोडे जास्त दुखतील. गोळी आपल्या मनानं वाढवू नका, संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांना हेही विचारा की इंजेक्शन कोर्स संपल्यावरच द्यायचं का. बरेच जण महिनाभर गोळ्या झाल्यावर चालू करतात. टीबीची भीती फारच वाटत असेल तर एटानरसेप्ट किंवा अबाटासेप्टचा पर्यायही काढा, त्यांत हा धोका कमी आहे. लिव्हर फंक्शन सुरुवातीला आणि मग महिन्याला. ती टीबीची रक्ततपासणी पुन्हा करू नका. कोर्सनंतरही ती बहुधा पॉझिटिव्हच राहते आणि उगाच झोप उडते.

इंजेक्शन चालू झाल्यावर दूध उकळूनच. आपल्याकडे धारोष्ण दुधाचं कौतुक फार, पलीकडे कोल्हापुरात तर कट्ट्यावर म्हैस पिळून ग्लास हातात देतात. ब्रुसेला, लिस्टेरिया आणि टीबी हे तिघेही गिळणाऱ्या पेशीच्या पोटात लपणारे जंतू. त्यांना रोखायला टीएनएफच लागतो. पेन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाला टेकवू नका. ताप, घाम, पोट फुगणं, मानेला गाठ, यांतलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून आधी दाखवा.

आणि १२ डोसांसाठी एक वार धरा. माझे रुग्ण बहुधा बाजाराचा वार धरतात, चुकत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा खुणा आजच करून टाका.